जाळीखालची पंधरा मिनिटं

आठवड्याभरात तीन चष्मे परत आले, तेव्हा काचताईला पहिला संशय आला तो काचांचा.

सतरा वर्षं ती त्या दुकानाच्या मागच्या खोलीत काम करत होती. पुढे मालक गिऱ्हाइकांना फ्रेमी दाखवत, मधल्या अंधाऱ्या खोलीत डोळ्यांचे डॉक्टर नंबर काढत, आणि मागे घासायच्या चाकाची घरघर, गढूळ पांढरं पाणी आणि ती. नंबरची चिठ्ठी आली की काच यंत्राखाली धरायची, छोट्या पडद्यावरच्या हिरव्या रेषा जुळवायच्या, काचेवर शाईचे तीन ठिपके उमटवायचे आणि मग फ्रेमच्या मापाने काच घासायची. ठिपके चुकले की सगळं चुकलं. तिचे चुकत नसत. काचताई हे नाव मालकांनीच ठेवलं होतं आणि आता तिच्या गल्लीतही ते सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं.

पहिला चष्मा एका शिक्षिकेचा होता. ओळी वर चढतात म्हणाली. दुसऱ्याचं डोकं दुखत होतं. तिसरे एक आजोबा, त्यांनी सांगितलं की हा चष्मा लावला की आमच्या घराचा जिना तिरका होतो. मालक काही बोलले नाहीत. तिन्ही चष्मे तिच्या टेबलावर ठेवून पुढे निघून गेले. चार शब्द सुनावले असते तर बरं, असं तिला वाटलं.

तिने काचा पुन्हा यंत्राखाली धरल्या. रेषा जुळल्या आणि तिच्या डोळ्यांदेखत सरकल्या. फाटलेला फोटो चिकटवताना अर्धा भाग वर जावा, तशा. डोळे चोळले की परत जागेवर. हे महिनाभर चाललं होतं. दमलेय, झोप कमी पडतेय, असं ती स्वतःला समजावत होती. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, कधी डावा, कधी उजवा. त्याचंही तिने असंच काहीतरी कारण काढलं होतं.

संध्याकाळी तिने मधल्या खोलीतल्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी तिला मोठ्या वाडग्यासारख्या त्या यंत्रासमोर बसवलं, हातात बटण दिलं. आत कुठेही उजेडाचा ठिपका चमकला की दाबायचं. ते बटण भिंतीपलीकडून तिने हजारदा ऐकलं होतं. टिक, टिक, टिक. लोक भराभर दाबत. आता बटण तिच्या हातात होतं आणि ठिपकेच येत नव्हते. ती वाट बघत राहिली. यंत्राची मोटर चालू असल्याचं ऐकू येत होतं, म्हणजे ठिपके येत होते. तिला दिसत नव्हते.

डॉक्टरांनी यंत्रातून कागद बाहेर काढला. दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजू काळ्या आल्या होत्या. उद्याच्या उद्या डोक्याचा स्कॅन करून घ्या, म्हणाले. चष्म्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

स्कॅनमध्ये गाठ दिसली. दोन्ही डोळ्यांच्या शिरा जिथे एकत्र येतात, नेमकी त्या जागेखाली. ऑपरेशन झालं. मोठ्या हॉस्पिटलमधल्या सर्जनने जमेल तेवढी गाठ काढली आणि शिरेला चिकटलेला भाग तसाच सोडला. ओढला असता तर दृष्टीच गेली असती. गाठ वाईट जातीची नाही, असं ते म्हणाले, पण आहे ती वाढत राहील. म्हणून रेडिएशन. आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे, एकूण तीस वेळा.

रेडिएशनच्या डॉक्टरीण बाई शांत आणि सरळ बोलणाऱ्या होत्या. काचताईने त्यांना एकच प्रश्न विचारला, किरणांनी शिरा जळतात का. बाईंनी खोटा धीर दिला नाही. शिरांना सोसेल एवढंच माप धरतो, म्हणाल्या, तरी अगदी थोड्या लोकांना पुढे जाऊन त्रास होतो. कोणाला होईल ते आधी सांगता येत नाही. घरी येऊन काचताईने नवऱ्याला या बोलण्यातला पहिला अर्धा भाग तेवढा सांगितला.

नवरा छापखान्यात होता, त्याला रोज सुट्टी मिळणं शक्य नव्हतं. लेक आठ वर्षांची. तिने जेवताना सरळ विचारलं, आई, तुला दिसेनासं होणार का? काचताई इतक्या घाईने नाही म्हणाली की पोरीने पुढे काही विचारलंच नाही, फक्त ताटातलं चिवडत बसली. मग प्रश्न उरला रोज बरोबर कोण जाणार. तेव्हा सासरे म्हणाले, मी जाईन.

सगळ्यांनी त्यांच्याकडे वळून बघितलं. सासऱ्यांनी आयुष्यभर उंच क्रेन चालवली होती. इमारतींच्या डोक्यावर, काचेच्या डबीएवढ्या केबिनमध्ये, दिवसाचे दहा तास एकटे. निवृत्त झाले तरी बोलणं तसंच राहिलं होतं, दिवसाकाठी वीस-पंचवीस वाक्यं. नवरा गमतीने म्हणायचा, बाबा अजून खाली उतरलेच नाहीत. त्यात रेडिएशनला ते शेक म्हणत. सूनबाईचा शेक कधीपासून, असं विचारत, जणू पाठ धरली होती.

शेक सुरू व्हायच्या आधी एक दिवस मुखवट्याचा होता. डोकं केसभरही हलता कामा नये म्हणून ज्याचा त्याचा मुखवटा बनवतात, हे तिला सांगितलं होतं. कसा बनवतात ते सांगितलं नव्हतं. तिला कडक टेबलावर उताणं झोपवलं. गरम पाण्यातून जाळीदार प्लॅस्टिकचा एक मऊ पत्रा काढला आणि दोन जणींनी तो तिच्या तोंडावरून खाली ओढला. कोमट, ओला, पापण्यांवर, नाकावर, ओठांवर. श्वास चालू होता. जाळीला भोकं होती, हवा येत होती, तिला ते कळत होतं. तरी पत्रा जसजसा गार होत आवळत गेला तसतशी तिच्या छातीत कोणीतरी मूठ वळत गेल्यासारखं झालं. दहा मिनिटांनी तो टणक झाला. कडेच्या खिट्ट्या टेबलाला खटाखट बसल्या. तिने डोळे उघडायचा प्रयत्न केला आणि पापण्या जाळीला घासल्या.

बाहेर आल्यावर सासऱ्यांनी विचारलं, कसं झालं. काही नाही हो बाबा, ती म्हणाली, फेशियल केल्यासारखं. सासऱ्यांनी तिच्या गालावरचे जाळीचे चौकोन बघितले आणि ते बसस्टॉपकडे चालायला लागले.

पहिल्या दिवशी खोलीत तिला दिसला तो दरवाजा. वीतभर जाड, तिजोरीला शोभेल असा. तिथे काम करणाऱ्या टेक्निशियनला सगळे पेशंट सिस्टर म्हणत. ती नर्स नव्हती, पण लोकांची चूक दुरुस्त करणं तिने केव्हाच सोडून दिलं होतं. सिस्टरने हातात रबराची रिंग दिली. ही धरून ठेवा, काही लागलं तर हात वर करा, मी कॅमेऱ्यात बघतेय, बोललात तर ऐकूही येईल. मुखवटा आला. खिट्ट्या बसल्या. पावलं लांब गेली. दरवाजा सरकत बंद होण्याचा आवाज बराच वेळ चालला आणि मग एकदम संपला.

त्या शांततेत काचताईला वाटलं, आता वीज गेली तर. सिस्टरला फोन आला आणि ती विसरली तर. आग लागली, सगळे पळाले आणि मी इथे खिळलेली राहिले तर. गिळायचं होतं आणि हनुवटी जाळीत अडकली होती. मशीन अजून सुरूही झालं नव्हतं. तिने हात वर केला.

दरवाजा उघडून सिस्टर आत येईपर्यंत किती वेळ गेला असेल, अर्धं मिनिट. खिट्ट्या निघाल्यावर काचताई उठून बसली आणि टेबलाच्या कडेला धरून हमसून हमसून रडली. सिस्टर म्हणाली, होतं असं, थोड्या वेळाने पुन्हा बघू. दुसऱ्या वेळीही तिने हात वर केला. तिसऱ्या वेळी खिट्ट्या बसायच्या आधीच.

बाहेरच्या बाकावर ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, मला नाही जमणार. आपण घरी जाऊ."

सासऱ्यांनी समजावलं नाही. ते उठले, सिस्टरकडे गेले आणि काहीतरी विचारत उभे राहिले. सिस्टर आधी नाही म्हणून मान हलवत होती. मग डॉक्टरीण बाई आल्या. सासरे त्यांनाही तेच विचारत असावेत, कारण बाईंनीही आधी मान हलवली. शेवटी ते परत आले आणि म्हणाले, आत थांबू देत नाहीत. पण बाहेर टीव्हीसमोर बसता येईल. तिथे माईक आहे.

"माईकवर काय करणार तुम्ही?"

"बोलेन."

काचताईला त्या अवस्थेतही हसू आलं.

ती पुन्हा आडवी झाली. खिट्ट्या, पावलं, दरवाजा. छातीतली मूठ वळायला लागली. तेवढ्यात वरून खरखर झाली आणि घसा साफ केल्याचा आवाज आला.

"सूनबाई, मी आहे. ऐकू येतंय का? नको, हलू नकोस. येतंय असं धरतो." मग बराच वेळ काहीच नाही. तिला वाटलं, संपलं यांचं बोलणं. "तुझ्या एका पायातला मोजा काळा आहे, एक निळा. मशीन निघालं. त्याचं डोकं तुझ्या उजव्या कानाकडे चाललंय. सावकाश. आता कानाशी आलं. थांबलं. आता घूं असा आवाज होईल."

घूं असा आवाज झाला.

"सिस्टर म्हणतात, वीस सेकंद. दहा झाली. पाच राहिली. संपलं. आता ते वरून डावीकडे येतंय. तुला दिसणार नाही, मी सांगतो. कपाळावर आलं. अजून हात दीड हात वर आहे. टेकणार नाही."

क्रेनवर असताना खाली काय चाललंय ते त्यांना कधी नीट दिसत नसे. खालचा माणूस कानात सांगायचा, डावीकडे, अजून, थांब, सोड. तीस वर्षं ते त्या आवाजावर विसंबून टनाटनांची ओझी खाली उतरवत आले होते. आता ते स्वतः तसं बोलत होते. धीर धर म्हणाले नाहीत, घाबरू नकोस म्हणाले नाहीत. काय होतंय आणि पुढे काय होणार, एवढंच. काचताईची भीती गेली नाही. पण आता तिला धरायला काहीतरी होतं, एकेक वाक्य. पंधरा मिनिटांनी दरवाजा सरकला तेव्हा रिंगमध्ये तिची बोटं इतकी रुतली होती की सिस्टरला ती सोडवावी लागली.

असे दिवस जायला लागले. एक, दोन, सहा, दहा. सकाळची बस, गार व्हरांडा, तेच बाक. रोजची माणसं ओळखीची झाली. घशाचा शेक घेणारे एक प्राध्यापक पाटीवर लिहून विनोद सांगत, स्तनाचं ऑपरेशन झालेली एक बाई विणकाम करत बसे. सिस्टरने सासऱ्यांसाठी एक स्टूल राखून ठेवलं. काचताई रोज सकाळी घाबरत उठायची आणि रोज जायची. भीती कमी झाली का, असं नवरा विचारायचा. ती हो म्हणायची.

दुसऱ्या आठवड्यात डोकं फार ठणकायला लागलं. मेंदूची सूज उतरावी म्हणून डॉक्टरीण बाईंनी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या आणि दर आठवड्याला रक्त तपासायच्या चिठ्ठ्या लिहून दिल्या. गोळ्या तिने नेमाने घेतल्या. चिठ्ठ्या पर्समध्ये तशाच राहिल्या. बाई विचारत तेव्हा, उद्या करते, म्हणायची. आणखी एक कागद, आणखी काहीतरी काळं त्यावर, हे तिला नको होतं.

गोळ्यांनी डोकं थांबलं, भूक वाढली आणि तोंड सुजायला लागलं. चौथ्या आठवड्यात आरशात तिला स्वतःचीच थोरली बहीण दिसायची. मुखवटा मात्र जुन्याच चेहऱ्याचा होता. आता तो बसवताना सिस्टरला दाबावं लागायचं. लागतंय का, असं ती विचारायची आणि काचताई नाही म्हणायची. दातांमध्ये गालाचं आतलं मांस सापडायचं, उठताना तोंडात रक्ताची चव असायची. सांगितलं असतं तर नवा मुखवटा करावा लागला असता, पुन्हा स्कॅन, पुन्हा हिशोब. त्यात चार दिवस जातील आणि त्या चार दिवसांत गाठ वाढेल, असं तिने मनाशी धरलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच.

त्याहून मोठी गोष्ट तिने लपवली होती. एका गुरुवारी सकाळी उठून तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि आकडे धुरकट दिसले. आधी वाटलं, डोळ्यांत झोप आहे. तोंड धुऊन आली. एक डोळा झाकला, धुरकट. दुसरा झाकला, तोही. कडा तर आधीच गेल्या होत्या, आता मधलंही जायला लागलं. डॉक्टरीण बाईंचं ते वाक्य तिच्या कानात वाजलं. थोड्या लोकांना. ती त्या थोड्यांतली निघाली होती.

तिने पडदा ओढला आणि लेकीच्या डब्याच्या तयारीला लागली. झाकण हातातून दोनदा पडलं. बाईंना सांगितलं तर शेक थांबवतील आणि गाठ वाढून डोळे जातील. सांगितलं नाही तर शेकानेच जातील. दोन्हीकडून एकच. ती आठ दिवस गप्प राहिली. रोज पहाटे, कोणी उठायच्या आत, कॅलेंडरसमोर उभी राहून एकेक डोळा झाकून बघायची. लेक शाळेला निघाली की तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायची, आणि पोरगी म्हणायची, काय बघतेस गं एवढं.

एकविसाव्या दिवशी मुखवटा बसताना तिच्या घशातून आवाज निघाला. तिने तो खोकल्यावर घालवला. दरवाजा बंद झाला, सासऱ्यांचं बोलणं सुरू झालं. मशीन उजवीकडे निघालंय. कानाशी आलं. मग वाक्य मध्येच तुटलं. तिला ऐकू आलं, ते सिस्टरला म्हणत होते, माईक चालूच होता, "थांबवा. ती नीट नाहीये. तिचे पाय बघा."

तिने पायांची बोटं घट्ट आवळून धरली होती. सिस्टरने मशीन थांबवलं. आत येऊन मुखवटा काढला तर गालाची कातडी जाळीच्या चौकोनांतून वर आली होती आणि ओठाच्या कोपऱ्यातून रक्त येत होतं. सिस्टरने डॉक्टरीण बाईंना बोलावलं. त्यांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, हा मुखवटा बाद. नवा करायचा, नवा स्कॅन, सगळं माप पुन्हा. तीन दिवस शेक बंद.

बसमध्ये काचताई सासऱ्यांच्या शेजारी बसली नाही. घरी आली आणि भांडी आदळायला लागली. सासरे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला?" ती म्हणाली. सासऱ्यांशी या आवाजात ती कधी बोलली नव्हती. "मी सोसत होते ना? सहा आठवडे सोसायचं ठरवलं होतं मी. आता तीन दिवस ती गाठ काय गप्प बसणार आहे?"

सासरे स्टुलावर बसले. जमिनीकडे बघत त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"क्रेनवर शेवटची दोन वर्षं मला चक्कर यायची. केबिनमध्ये गेलं की. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर खाली उतरवतील, गोदामात बसवतील. एकदा चक्कर आली आणि हात दांड्यावरून सुटला. सळयांचा भारा भिंतीला घासून गेला. खाली चार माणसं होती. कोणाला लागलं नाही. वाऱ्याने झालं, असं सांगितलं मी. त्या वर्षी मला बक्षीस मिळालं. सुरक्षित कामाचं. ते कपाटावर आहे ना, ते."

काचताईने नळ बंद केला.

"मी त्या चार माणसांच्या तोंडाकडे नंतर कधी बघू शकलो नाही," सासरे म्हणाले. "तू काहीतरी लपवतेयस. मुखवट्याचं नाही, दुसरं. मला कळतं ते. मी दोन वर्षं केलंय."

मग तिने सांगितलं. कॅलेंडर, धुरकट आकडे, आठ दिवस. सासरे ऐकत असताना एकदम म्हातारे दिसायला लागले. त्यांनी बूट घातले आणि म्हणाले, चल, आत्ताच्या आत्ता.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीण बाईंनी तिचे डोळे तपासले, आत उजेड पाडून शिरा बघितल्या. मग विचारलं, रक्ताच्या चिठ्ठ्यांचं काय झालं. काचताईने पर्समधून त्या काढल्या, घडी न मोडलेल्या. बाईंनी कपाळाला हात लावला आणि नर्सला तिथेच बोट टोचायला सांगितलं. साखर असायला हवी त्याच्या तिपटीच्या वर निघाली. स्टेरॉइडने काहींची वाढते, बाई म्हणाल्या, आणि साखर एवढी चढली की डोळ्यातलं भिंग फुगतं, नंबरच बदलतो. शिरा आहेत तशा आहेत. धुकं साखरेचं असावं.

गेल्या सतरा वर्षांत काचताईने स्वतः किती गिऱ्हाइकांना मागच्या खोलीतून ओरडून सांगितलं असेल, नंबर सारखा बदलतोय तर आधी साखर तपासून या, मगच काच करते. दुकानात नवीन लागलेल्या माणसालाही ती पहिल्यांदा हेच शिकवायची. आणि आठ दिवस कॅलेंडरसमोर उभं राहून तिला हे एकदाही सुचलं नव्हतं.

तरी तिने विश्वास ठेवला नाही. 'असावं' म्हणाल्या, 'आहे' म्हणाल्या नाहीत, हे ती घरी येईपर्यंत घोकत होती. साखरेची औषधं सुरू झाली, स्टेरॉइड टप्प्याटप्प्याने कमी झालं. नवा मुखवटा झाला. कोमट पत्रा पुन्हा तोंडावर ओढला गेला तेव्हा ती पुन्हा तितकीच घाबरली, आणि या वेळी मोठ्याने सांगितलं की मला भीती वाटतेय, जरा हात धरा. सिस्टरने एका हाताने तिचा हात धरला. दुसऱ्या टेक्निशियनने एकटीने पत्रा दाबला. चौथ्या दिवशी शेक पुन्हा सुरू झाला. कॅलेंडरचे आकडे मात्र धुरकटच. सहा दिवस, सात दिवस. रोज पहाटे आता सासरेही उठून तिच्या मागे उभे राहायचे आणि काही न विचारता चहा ठेवायचे.

दहाव्या दिवशी तिला आकड्यांखालची बारीक अक्षरं वाचता आली. तिने ती मोठ्याने वाचली. छापखान्याचं नाव आणि पत्ता होता, नवऱ्याच्याच. सासरे चहाचं भांडं हातात धरून ऐकत होते. पूर्ण वाच, म्हणाले. तिने पत्ता शेवटपर्यंत वाचला आणि मग ती खाली जमिनीवरच बसली.

तीस शेक पूर्ण झाले. शेवटच्या दिवशी प्राध्यापकांनी पाटीवर तिच्यासाठी काहीतरी लिहिलं, पण त्यांचं अक्षर इतकं कापरं झालं होतं की कोणालाच वाचता आलं नाही, तरी सगळे विनोद कळल्यासारखे हसले. तीन महिन्यांनी मधल्या खोलीतल्या डॉक्टरांनी तिला वाडग्याच्या यंत्रासमोर पुन्हा बसवलं. उजवीकडची कड थोडी परत आली होती, डावीकडची आली नव्हती, आणि येईल असं डॉक्टर म्हणालेही नाहीत. नव्याने काही गेलं नव्हतं.

रेषा सरकायच्या थांबल्या नाहीत, पण एक डोळा झाकला की काहीच सरकत नाही, हे तिला त्या पहाटेच्या तपासण्यांतच कळलं होतं. मालकांनी तिला डोळ्यावर बांधायची काळी पट्टी आणून दिली. तिने पहिली काच केली, ठिपके चार वेळा तपासले, मधल्या खोलीत पाठवली, डॉक्टरांनी बरोबर आहे म्हणून परत पाठवली तरी पाचव्यांदा तपासली. काम आधीपेक्षा सावकाश होतं. मालक एवढंच म्हणाले, होऊ दे सावकाश.

शेक संपल्यावर सहा महिन्यांनी पहिला स्कॅन होता. गाठ तशीच आहे की वाढली ते त्यात कळणार होतं. नवऱ्याने सुट्टी मागितली होती, मिळाली नाही. आदल्या आठवड्यापासून काचताईची झोप उडाली होती. दुकानात काच हातात घेतली की निसटायची.

त्या सकाळी ती कागदांची पिशवी घेऊन दाराशी आली. सासरे पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपरावरून बघितलं आणि विचारलं, नुसता फोटोच काढायचा आहे ना, शेक नाही. म्हणजे त्यांना यायचं होतं, पण उगीच लुडबुड नको, असं वाटत असावं.

"चला ना बाबा," ती म्हणाली. "मला एकटीला फार भीती वाटतेय."

"मलाही वाटतेय," ते म्हणाले आणि पेपर घडी करून उठले.

स्कॅन झाल्यावर रिपोर्टची वाट बघत ते दोघं पावणेदोन तास बाहेर बसले. मग डॉक्टरीण बाईंनी आत बोलावलं, पडद्यावर जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावला आणि पेनाच्या टोकाने दोन्हींवर तीच जागा दाखवली. काचताईने पिशवीतून पट्टी काढली, डोळ्यावर बांधली आणि वाकून स्वतः बघितलं. एका फोटोवरून दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर. बाई थांबून राहिल्या. सासरे तिच्या मागे उभे होते आणि त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता.

वाढली नव्हती. बाई म्हणाल्या, पुढचा स्कॅन आणखी सहा महिन्यांनी. काचताईने तारीख लिहून घेतली. मग ती सासऱ्यांनाही लिहून घ्यायला सांगितली.